वेगळ्या पातेल्यातला भात

सोमवार, १३ एप्रिल

डॉक्टरांनी सांगितलंय, रोज काय खाल्लं ते वहीत लिहा. सदतीस वर्षं शाळेत मी दुसऱ्यांच्या वह्या तपासल्या, आता माझी वही एक तिशीतला डॉक्टर तपासणार. वजन सात किलोंनी उतरलंय म्हणे. उतरू दे की. पण मृणालिनीने बंगळूरहून फोनवर दम दिला, "आई, लिहिणार आहेस की मी रजा काढून येऊन बसू?" म्हणून ही वही.

खाल्लं: सकाळी चहा, दोन खारी. दुपारी चहा. संध्याकाळी भूक नव्हती.

एवढं लिहून पान उरलं. अर्धं पान कोरं सोडलेलं मला मुलांचंही चालत नसे, तेव्हा बाकीचंही लिहिते.

काल उपासनेनंतर आमच्या चर्चचे सेक्रेटरी जयवंत साळवे थांबले. म्हणाले, "क्षमाबाई, एक काम आहे, तुमच्यासारख्या कडक माणसाचंच." काम असं. मुलुंडच्या मागे, डोंगराला लागून खडीचा पाडा आहे. पूर्वी तिथे दगडाच्या खाणी होत्या. बहात्तरच्या दुष्काळात नगर-जालन्याकडची काही ख्रिस्ती कुटुंबं खडी फोडायला आली आणि त्यांनी त्याच दगडांचं एक छोटं चर्च बांधलं. खाणी बंद पडल्या, माणसं राहिली. आता चौदा घरं आहेत. या सुट्टीत तिथे चार सेवा-गट जाणार आहेत, अंधेरीचा, वाकोल्याचा, आणखी कुठकुठचे. त्यांच्यावर देखरेख करायची.

हे वरवरचं. खरं काम त्यांनी आवाज खाली आणून सांगितलं. पाड्याची उपासना बंद करून रविवारी बस लावायची आणि त्यांना आपल्याच चर्चमध्ये आणायचं, असं काही पंचांच्या मनात आहे. उपासना घेणारे पाळकसाहेब एकटे, दोन ठिकाणी किती धावणार. सहा जूनच्या बैठकीत निर्णय होईल आणि तो माझ्या अहवालावर होईल. "पाड्यावर आत्ताच काही बोलू नका," म्हणाले.

मला तर योजना पटली. चौदा घरांसाठी वेगळं चर्च म्हणजे तीन मुलांसाठी वेगळी तुकडी काढण्यासारखं आहे. हो म्हटलं. घरात बसून तरी काय करायचं आहे.

गुरुवार, १६ एप्रिल

आज पहिल्यांदा वर गेले. पायथ्यापर्यंत रिक्षा जाते, पुढे पंधरा मिनिटांचा चढ. रिक्षावाला किरण पाड्यावरचाच. त्याला पाहिल्याबरोबर ओळखलं. गेल्या जूनमध्ये, आमचे हे गेले त्याच आठवड्यात, हाच माणूस तांदळाची पिशवी घेऊन माझ्या दारात उभा होता. "पाड्यावरून आलंय" म्हणाला. मी कुणाकडे तांदूळ मागवले नव्हते. चुकीचं घर म्हणून परत पाठवला. आज त्याने ती ओळख दाखवली नाही, मीही नाही.

न्यायला काशीराम आले होते. चर्चची देखभाल तेच करतात. वय बहात्तर. चर्चला घंटा नाही, रेल्वेच्या रुळाचा तुकडा टांगलाय, तो ते हातोडीने वाजवतात. माणूस फार मंद. चढावर चार वेळा थांबले. दरवेळी कुठलं तरी झाड दाखवायचे, नाहीतर चप्पल काढून खडा झटकायचे. मलाही थांबावं लागलं. अशा गतीने काम झालं तर जून उजाडेल.

स्वयंपाकाचं किरणची आई नंदाबाई बघते. काळीसावळी, मोठ्या हातांची. मी कामाची यादी वाचून दाखवत होते. तिने शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "सकाळी काय खाल्लंत बाई?" यादीशी याचा काय संबंध.

खाल्लं: चहा, खारी एक. नंदाबाईकडे अर्धी भाकरी, आग्रह केला म्हणून.

शनिवार, १८ एप्रिल

अंधेरीचा गट आला. कॉलेजची चौदा मुलं. दोघंतिघंच चर्चला जाणारी, बाकी मित्र म्हणून आलेली. श्रुतिका नावाची मुलगी पुढारी. "बाई, आम्ही काय करू? भिंत रंगवू ना?" सगळ्यांना भिंतच रंगवायची असते. भिंतीला रंगाची गरज नव्हती, पण काशीराम लगेच म्हणाले, "व्हय व्हय, लई खराब झालीया." मला नवल वाटलं.

दुपारी पंगत बसली. मुलांना मोठ्या पातेल्यातून भात. मला मात्र नंदाबाईने एका लहान पितळी पातेल्यातून वाढला. मऊ, मोकळा, जुन्या तांदळाचा. मुलांचा नवा तांदूळ चिकट झाला होता. मी म्हटलं, मला वेगळं काही नको, सगळ्यांचं तेच माझं. तर म्हणाली, "तुमचं पोट नाजूक हाय." मुख्याध्यापिकेला वेगळा कप ठेवणारे शिपाई मी पुष्कळ पाहिलेत. साहेबी वागणूक मला आवडत नाही. पण भात चांगला होता, हे लिहायला हवं.

खाल्लं: एक मूद भात, आमटी.

बुधवार, २२ एप्रिल

भिंत निळी झाली. जमीनही निळी झाली. देवेश नावाच्या मुलाचे केसही. मुलं जाताना रडली. चार दिवसांत रडण्याइतकं काय होतं कुणास ठाऊक, पण नंदाबाईच्या गळ्यात पडून श्रुतिका म्हणाली, "मावशी, घरी कुणी असं बसून वाढत नाही गं."

खाल्लं: भात दोनदा. त्याच पितळी पातेल्यातला.

रविवार, २६ एप्रिल

आज पाड्याच्या उपासनेला बसले, अहवालासाठी माणसं मोजायला. एकतीस. त्यात सात मुलं. पाळकसाहेब उशिरा पोचले, तोवर काशीराम सगळं तोंडपाठ चालवत होते.

शेवटी एक गोष्ट पाहिली. व्यासपीठाजवळ पत्र्याचा डबा असतो. प्रत्येक घरची बाई पदराखालून छोटी पुरचुंडी काढते आणि त्यात ओतते. तांदूळ. रोज भाताचं आधण ठेवताना एक मूठ बाजूला काढायची आणि आठवड्याची मूठ रविवारी आणायची. "मूठ" असंच म्हणतात त्याला. कुणाला जातात हे तांदूळ, मी काशीरामना विचारलं. "ज्या घराला लागतील त्या घराला," म्हणाले, आणि चपलेतला खडा काढायला वाकले.

मला शंका आली, गटांची जेवणं यातूनच होतात की काय. गरिबांचं दान कॉलेजच्या मुलांच्या पोटात. नंदाबाईला स्पष्ट सांगितलं, उद्यापासून गटांचा शिधा आमच्या चर्चमधून येईल, मुठीला हात लावायचा नाही. ती म्हणाली, "पोरांचा शिधा वेगळाच असतो बाई." आणि मला त्याच पितळी पातेल्यातून वाढलं. वर तूप.

शनिवार, २ मे

मृणालिनीचा फोन. "जेवलीस का?" मी हो म्हटलं आणि नंतर लक्षात आलं की आज ते खरं होतं. गेलं वर्षभर मी तिला हेच खोटं सांगत आलेय. पोटच्या मुलीशी इतकं सफाईने खोटं बोलता येतं, हे ह्यांच्या हयातीत मला माहीत नव्हतं.

गुरुवार, ७ मे

वाकोल्याच्या नर्सबाया आल्या, पाच जणी. रक्तदाब, साखर, डोळे. रांग लावली. नंदाबाईने पहिली खुर्ची मलाच दिली. मी म्हटलं, मी पेशंट नाही, देखरेखीला आहे. तर मागे उभ्या सगळ्या बायका एकदम म्हणाल्या, "आधी बाई." मग बसले. रक्तदाब ठीक निघाला. वजनही केलं. दोन किलो वाढलंय. रांगेतल्या बायका एकमेकींकडे बघून हसल्या. हसायला काय झालं, कळलं नाही.

पोलकं काखेत घट्ट होतंय. धोबी गरम पाण्यात घालतो, त्याला बोलायला हवं.

काशीराम हल्ली बरे चालतात. आज चढावर एकदाच थांबले.

शुक्रवार, १५ मे

कुठल्याशा कंपनीचा गट. तीस जण, सगळ्यांचे टी-शर्ट पोपटी, छातीवर कंपनीचं नाव. त्यांनी मे महिन्याच्या उन्हात, खाणीच्या खडकात साठ रोपं लावली. फोटो काढले. मग वेळ उरला म्हणून निळी भिंत बदामी केली.

मला राहवलं नाही. काशीरामना म्हटलं, "महिन्यात दोनदा रंगली भिंत. तुम्ही नाही का म्हणत नाही?"

ते ब्रश रॉकेलमध्ये बुडवत होते. पुढच्या गटासाठी मऊ राहावेत म्हणून. म्हणाले, "बाई, लेकरं एवढ्या लांबून येत्यात काहीतरी द्यायला. घेणारंच कुणी न्हाय म्हटल्यावर त्यांनी कुठं जावं?"

संध्याकाळी परत निघाले तर पाड्यावरच्या सात-आठ बाया खालच्या नळावरून हंडे भरून वर चढत होत्या. रोपांना पाणी. मी नंदाबाईला म्हटलं, ती जगणार नाहीत. म्हणाली, "न्हाय जगायची. पण लावणारी पोरं पुन्हा आली तर निदान म्हणता येईल, आम्ही घातलं पाणी."

अहवालात हे कुठल्या मुद्द्याखाली लिहायचं, याचा रिक्षात बसून विचार केला. मुद्दा सापडला नाही.

मंगळवार, १९ मे

उन्हाने चक्कर आली, दोन दिवस घरी. काल दुपारी किरण डबा घेऊन आला. "आईने चुकून जास्त केलं, मॅडम. वाया जाईल म्हणून." त्याच्यामागे काशीराम. पायथ्यापासून माझ्या घरापर्यंत उन्हात चालत आले होते, कारण रिक्षात बसलं की त्यांना मळमळतं. आत या म्हटलं तर उंबऱ्यातच बसले. तासभर. ह्यांच्या फोटोकडे बघून फक्त म्हणाले, "हसरे होते साहेब."

हे कधी पाड्यावर गेले नव्हते. पण खरंच हसरे होते.

आजही डबा आला. आजही चुकून जास्त झालं होतं. नंदाबाईचा अंदाज फार चुकतो. चौदा घरांच्या जेवणावळी सांभाळणाऱ्या बाईचा असा कसा चुकतो?

खाल्लं: सगळं. डबा घासून परत दिला.

रविवार, २४ मे

उपासनेनंतर नंदाबाई चर्चच्या पायरीवर तांदूळ निवडत बसली होती. मी शेजारी बसले. आणि कुणी विचारलेलं नसताना सांगायला लागले. हे गेले त्या सकाळी मी दोन वाट्या तांदूळ धुऊन ठेवले होते. हॉस्पिटलमधून परत आले, तेव्हा ते तसेच पाण्यात होते, फुगून पांढरे झालेले. ते मी टाकले आणि त्यानंतर गॅसवर भाताचं पातेलं ठेवलंच नाही. एका वाटीचा भात करायचा कसा, हेच मला कळत नाही. चाळीस वर्षं दोन वाट्यांचा हात आहे.

हे मी मृणालिनीलाही सांगितलेलं नाही. पाळकसाहेबांनाही नाही.

नंदाबाई सूप हलवत राहिली. "व्हय," एवढंच म्हणाली. मग एक खडा वेचून बाजूला टाकत, "माझे मालक गेले तवा मी सहा महिने चुलीपुढं बसले न्हाय. बायांनी चालवलं." पाड्यावरच्या चुलींबद्दल बोलत असावी.

घरी येऊन अहवालाला बसले. आकडे माझ्या बाजूने आहेत. एकतीस माणसं, गळका पत्रा, दमलेले पाळक. बस सोयीची पडेल. मुलांना शब्बाथ शाळा, म्हणजे रविवारची बायबलची शाळा, मिळेल. एकही वाक्य खोटं नाही. तरी दोनदा पेन खाली ठेवलं.

रविवार, ३१ मे

शेवटचा गट गेला. विक्रोळीचे चार निवृत्त सुतार, कारखान्यात आयुष्य काढलेले. बोलले कमी, सगळी बाकं ठोकून सरळ करून गेले. भिंतीला हात लावला नाही. काशीरामनी ब्रश पुढे केले तर म्हणाले, "नको रे बाबा, भिंत सुरेख आहे की." काशीराम मोकळं हसले.

जेवताना नंदाबाईने पितळी पातेलं माझ्या ताटात पालथं केलं. शेवटचं शीतही बोटाने काढून वाढलं.

अहवाल पक्का लिहून झाला. दोन पानं, सुवाच्य. शिफारस बसची. पिशवीत घातला तेव्हा कुणाच्या तरी घरातून काही उचलून आणल्यासारखं वाटलं. सहा आठवडे यांच्यात जेवले, आणि जेवता जेवता मोजत राहिले. त्यांना सांगायला हवं. बैठकीच्या आधी. चोरून नाही करायचं.

बुधवार, ३ जून

आज वर्ष झालं.

सकाळी दफनभूमीत गेले. मृणालिनी फोनवर होती. तिथून घरी जायचं पायात आलं नाही. किरणला फोन केला आणि पाड्यावर गेले. चढावर काशीराम माझ्याबरोबर होते, एकदाही थांबले नाहीत. वर पोचल्यावर माझ्या ध्यानात आलं, ते धापा टाकत नव्हते. ते कधीच धापा टाकत नव्हते. एप्रिलमध्ये धापा मी टाकत होते.

नंदाबाईने पान मांडलं. आणि आज मोठ्या पातेल्यातून वाढलं, सगळ्यांच्या. नवा, चिकट भात. मनात म्हटलं, कळलं वाटतं यांना अहवालाचं. तरी विचारलं, "आज माझं पातेलं कुठाय?"

"संपले बाई तुमचे तांदूळ. रविवारी पिशवी झटकली."

"माझे कुठले तांदूळ?"

ती समोर बसली. पदराने हात पुसले. "मूठ असती ना, ती दुःखाच्या घरची असती. आपल्या मंडळीत कुठंही माणूस गेलं की रविवारी त्या घराचं नाव घ्यायचं आन् डबा त्या घराच्या पिशवीत रिता करायचा. त्या घरची चूल बंद असती. वर्षाच्या आत ते तांदूळ त्या घरानंच खायचे. गेल्या जूनात तुमच्या घराचं नाव घेतलं. किरणच्या हाती पिशवी धाडली."

"मी परत पाठवली," मी म्हटलं. "मला वाटलं, चुकीचं घर."

"व्हय. पण तुमच्या नावाचे तांदूळ, दुसऱ्याला कसे घालणार? ठेवले. निंबाचा पाला घालून ठेवले. दिवाळी गेली, नाताळ गेला, पिशवी तशीच. वर्ष भरत आलं. आम्हाला घोर लागला. आन् एप्रिलात तुम्हीच चढून आलात."

"मग मला सांगायचं."

"संपस्तवर बोलायचं नसतं. माणूस त्याला भीक समजतं आन् घास अडतो."

मला वाटलं होतं साहेबी वागणूक. वाटलं होतं नाजूक पोट. दीड महिना मी माझ्या दुःखाचे तांदूळ खात होते, आणि वहीत लिहीत होते, भात चांगला होता.

मग मी सांगून टाकलं. अहवाल पिशवीतून काढला आणि म्हटलं, "नंदाबाई, मी इथे कशासाठी येत होते, माहीत आहे का?"

"बसचं ना?" ती म्हणाली.

दारात किरण उभा होता. त्याने मान खाजवली. "मॅडम, साळवेसाहेबांनी मार्चमध्येच मला विचारलेलं. दर रविवारी मोठी गाडी कुठे मिळेल म्हणून. मीच दोन नंबर दिले त्यांना."

म्हणजे पहिल्या दिवसापासून सगळ्या पाड्याला माहीत होतं. मी यादी वाचत होते तेव्हा. मी माणसं मोजत होते तेव्हा. मी म्हटलं, "आणि एकानेही मला एका शब्दाने विचारलं नाही?"

नंदाबाईने माझ्या भातावर आमटी घातली.

"तुम्ही तवा जेवत नव्हता, बाई. कागदाचं बोलायला पुष्कळ दिवस होते."

मी रडले. ताटावरच रडले. ह्यांना पोचवलं त्या दिवशी रडले नव्हते, पाहुण्यांचं बघत होते. आज रडले. कुणी पाठीवरून हात फिरवला नाही, कुणी गप्प करायला आलं नाही. नंदाबाई समोर बसून होती. माझं थांबल्यावर म्हणाली, "निवला असंल, बदलून देते."

शनिवार, ६ जून

बैठक. बारा पंच. जयवंतरावांनी अहवाल मागितला. मी दोन पानं त्यांच्यापुढे ठेवली आणि म्हटलं, "यातलं सगळं खरं आहे आणि अहवाल चुकीचा आहे. जे मोजता आलं तेवढंच मी लिहिलं." मग मुठीचं सांगितलं. माझ्या पिशवीचं, पितळी पातेल्याचं.

आपल्या चर्चमध्ये माणूस गेलं की आपण हार पाठवतो आणि बुलेटिनमध्ये नाव छापतो. तेही बरोबरच आहे.

जयवंतराव वाईट माणूस नाही. चष्मा काढून म्हणाले, "बाई, मला कळतंय. माझी आई गेली तेव्हा आमच्याही घरी पिशवी आलेली. आम्ही कामवालीला दिली." चष्मा पुन्हा लावला. "पण प्रश्न तोच आहे. पाळकसाहेब दर रविवारी दोन ठिकाणी जाणार कसे?"

"महिन्यातून एकदा जावं. बाकीच्या रविवारी मी जाईन. पवित्र शास्त्र वाचायला आणि मुलांची शाळा घ्यायला. प्रार्थना काशीराम चालवतातच, माझ्यापेक्षा चांगली."

"तो चढ?" ते म्हणाले. "रागावू नका, पण ईस्टरला तुम्हाला आपल्या चर्चच्या आठ पायऱ्या चढवत नव्हत्या. मी हात धरला होता."

"आता चढवतात," मी म्हटलं.

हात वर झाले. सात विरुद्ध पाच. पाड्याची उपासना चालू राहणार, एक वर्ष, मग पुन्हा बघायचं. जयवंतरावांचा हात सातांत होता. किरणला फोन केला तर म्हणाला, "झकास, मॅडम." पलीकडे कुणीतरी रूळ वाजवायला लागलं. शनिवारीच.

सोमवार, ८ जून

डॉक्टरांनी वही चाळलीच नाही, वजनकाट्याकडे बघितलं आणि छान म्हणाले. मलाही बरं झालं. वहीत खाण्यापेक्षा बाकीचंच जास्त आहे.

काल पाड्यावर शास्त्र वाचलं. साठ रोपांतली नऊ जगली आहेत, काशीरामनी मला एकेक नेऊन दाखवली. भिंत बदामीच आहे. ब्रश पुढच्या एप्रिलसाठी धुऊन गुंडाळून ठेवलेत.

उपासना संपल्यावर बाया डब्याजवळ गेल्या. माझ्याकडे पुरचुंडी नव्हती. नंदाबाई म्हणाली, "पुढच्या रविवारी."

आज सकाळी वर्षभराने तांदळाचा डबा उघडला. तळाशी होते ते किडले होते, टाकले, कोपऱ्यावरून नवे आणले. दोन वाट्यांची सवय हाताला अजून आहे, आपोआप दोन घेतल्या गेल्या. एक परत डब्यात ओतली. मग उरलेल्या वाटीतून एक मूठ काढली आणि ह्यांच्या जुन्या रुमालात बांधून ठेवली. राहिलेल्या तांदळाचा भात एका माणसाला पुरेसा होता. एका वाटीचा भात असा करायचा असतो तर.

पुरचुंडी ओट्यावर ठेवली आहे. कुणाच्या घरी जायची आहे, ते अजून कुणालाच माहीत नाही. त्या घरी आत्ता सगळे मिळून जेवत असतील.

खाल्लं: भात, वरण, लिंबू. घरी.